खाडींतील करवत आणि बांधावरील पाखरूं

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस उरण तालुक्यांतील जासई या गांवीं एका ओळखीच्या कुटुंबांत जाण्याचा योग आला. ओटीवर बसलों असतां समोरच्या भिंतीकडे सहज लक्ष गेलें. देवादिकांच्या तसबिरींखालीं, एका खिळ्याला दोरीनें बांधून, हातभर लांबीची एक विचित्र वस्तु टांगलेली होती. आकार चपट्या पट्टीसारखा, आणि पट्टीच्या दोन्ही कडांना ओळीनें बसविलेले टोंकदार दांत. सुताराची दुधारी करवतच म्हणाना! घरांतील आठ-नऊ वर्षांच्या नातवानें माझी नजर ओळखली आणि माझ्या वतीनें प्रश्न केला, “आजोबा, ही करवत कोणाची हो?”

ऐंशीच्या घरांत आलेले ते गृहस्थ म्हणाले, “सुताराची नव्हे रे बाळा, माशाची आहे ती. माझ्या बापाच्या जाळ्यांत खाडीच्या मुखाशीं सांपडला होता. तेव्हां मी तुझ्याएवढा असेन.”

मुलांचा एक प्रश्न संपतो न संपतो तोंच दुसरा तयार असतो. “मग तुम्ही पुन्हां कधीं पाहिलात तो मासा?”

आजोबा कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नाहीं. पुन्हां नाहीं.”

त्याच दिवशीं दुपारीं तोच मुलगा मला त्यांच्या उरल्यासुरल्या शेताच्या बांधावर घेऊन गेला. त्याला मला एक गंमत दाखवावयाची होती. बांधावर रुईचें एक झुडूप होतें; त्याच्या पानाखालीं काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची एक अळी पान कुरतडीत होती, आणि झुडपाभोंवतीं तांबूस-केशरी रंगाचें एक फुलपाखरूं संथपणें घिरट्या घालीत होतें. आजोबा मागून काठी टेकीत आले होते. ते म्हणाले, “पूर्वीं अशीं झुडपें या बांधापासून त्या बांधापर्यंत असत. मारुतीला शनिवारीं माळ करावयाची तर पानें शोधावीं लागत नसत. आतां बांधच राहिले नाहींत, तर रुई कोठून असणार, आणि पाखरें तरी कोठून येणार?”

एका दिवसांत ऐकलेलीं हीं दोन उत्तरें माझ्या मनांतून गेलीं नाहींत. एक मासा व एक पाखरूं! एक दोन पुरुष लांबीचा, दुसरें चार बोटें रुंद. एक समुद्राच्या तळाशीं राहणारा, दुसरें उन्हांत उडणारें. तरीहि दोघांची तक्रार एकच दिसते. ती खरोखर एकच आहे काय, आणि नसेल तर तिच्यांत भेद कोठें आहे, याचा विचार आजच्या भाषणांत करावा असें मीं योजिलें आहे. हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. रोग ओळखण्यांत चूक झाली तर औषधहि चुकतें. आणि या दोन जीवांच्या बाबतींत औषध चुकण्याचा धोका फार आहे.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. जासई हें गांव पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि मधल्या पट्ट्यांत खाऱ्या पाण्याला बांध घालून पिढ्यान् पिढ्या पिकविलेलीं भातशेतें व मिठागरें, असें या भागाचें जुनें रूप. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठीं येथील जमिनी संपादन होऊं लागल्या. १९८४ च्या जानेवारींत या परिसरांतील शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीं जें आंदोलन केलें, त्यांतील गोळीबारांत पांच जणांस प्राण गमवावे लागले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील हे याच गांवचे सुपुत्र. १९८९ मध्यें न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें, आणि २०२४ च्या जानेवारींत शिवडीहून निघून समुद्र ओलांडणारा सुमारें बावीस किलोमीटर लांबीचा सेतु जवळच चिर्ले येथें भूमीला लागला. जमीन आणि पाणी यांच्या मधल्या या चिंचोळ्या पट्ट्यासाठीं माणसांनीं रक्त सांडलें आहे. परंतु त्याच पट्ट्यावर आणखीहि कांहीं कुळें पिढीजात नांदत होतीं. त्यांच्या नांवाचा सातबारा कोणत्याच तलाठ्याकडे नव्हता, म्हणून त्यांची नोंद कोणी घेतली नाहीं. त्यांपैकीं दोन कुळांची ही हकीकत आहे.

आतां त्या भिंतीवरील करवतीकडे वळूं. करवत मासा हा वस्तुतः पाकटाच्या गोतांतला आहे, हें ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटेल. पाकट आपणांपैकीं पुष्कळांनीं बाजारांत पाहिला असेल. पसरट, थाळीसारखा, चाबकासारख्या शेंपटीचा. करवत मासा मात्र लांबोडका, मुशीसारखा दिसतो. परंतु माशाची जात दिसण्यावरून ठरत नाहीं. मुशीच्या कल्ल्यांच्या फटी अंगाच्या बाजूस असतात. पाकटाच्या पोटाकडे, खालच्या अंगास असतात. करवत माशाच्याहि त्या खालींच आहेत, आणि त्याचे छातीचे पर पाकटासारखेच डोक्याच्या बाजूस जुळलेले असतात. म्हणून शास्त्रज्ञ त्याला निःशंकपणें पाकटांत गणतात. मीं भिंतीवरील वस्तूला मनांत हाड म्हटलें होतें, तेंहि चूकच. मुशी काय, पाकट काय, यांच्या अंगांत हाड नसतेंच. आपल्या कानांत असते तशी लवचिक कूर्चा असते.

ही करवत त्या माशाला कशासाठीं दिली असावी? ती त्याची तलवार आहे आणि त्याचा कंदीलहि आहे. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या स्नायूंतून अत्यंत सूक्ष्म विद्युत् निघत असते. करवतीच्या पृष्ठभागावर असलेल्या हजारों सूक्ष्म छिद्रांनीं हा मासा ती विद्युत् ओळखतो. गढूळ खाडींत डोळ्यांचा उपयोग नसतां, भक्ष्य कोठें आहे हें त्याला करवत सांगते. आणि मग तीच करवत एका बाजूहून दुसऱ्या बाजूस फिरवून तो लहान माशांना टोलावतो व तळाशीं दाबून धरतो. माणसावर तो आपण होऊन चाल करीत नाहीं.

जगांत करवत माशाच्या पांच जाती आहेत. पांचहि धोक्याच्या यादींत असून बहुतेक अतिसंकटग्रस्त ठरल्या आहेत. फ्रान्सिस डे या इंग्रज अधिकाऱ्यानें १८७५ ते १८७८ या काळांत हिंदुस्थानांतील माशांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत करवत माशांचें वर्णन आहे. म्हणजे त्या काळीं ते आपल्या किनाऱ्यावर अपूर्व नव्हते. त्यांतील मोठ्या दांतांची जात साडेसहा मीटरांपर्यंत वाढते. या माशाची मादी अंडीं घालीत नाहीं. ती जिवंत पिलांस जन्म देते. जन्मतांना पिलाची करवत मऊ असून तिच्यावर एक आवरण असतें, जेणेंकरून आईच्या पोटाला इजा होऊं नये. एका वेळीं पिलें सुमारें सात. मादी वयांत येण्यास आठ-दहा वर्षें लागतात. पिलें खोल समुद्रांत जात नाहींत. खाडीच्या मुखाशीं, तिवरांच्या मुळांआड, नदीच्या मचूळ पाण्यांत त्यांचें बालपण जातें. जासईच्या आजोबांच्या वडिलांना तो मासा खाडीच्या मुखाशीं मिळाला, यांत म्हणूनच नवल कांहीं नाहीं. ती हातभर करवत पाहतां, तो मासा अजून वयांत यावयाचा होता असें मला वाटतें.

मग तो गेला कसा? त्याच्या शस्त्रानेंच त्याचा घात केला. १९५० नंतर आपल्या किनाऱ्यावर सुताच्या व सणाच्या जाळ्यांची जागा नायलॉननें घेतली आणि यंत्रानें चालणाऱ्या होड्या आल्या. नायलॉनचा धागा बारीक, न कुजणारा व न तुटणारा. इतर मासा जाळ्याला चुकून लागला तर कधीं निसटतोहि. परंतु ज्याच्या तोंडापुढें दोन्हीकडे दांत्यांची रांग आहे, त्याची सुटका कशी व्हावी? जितकी धडपड करावी तितका तो गुरफटतो. आणि कोळ्याला तरी तो मुद्दाम धरावयाचा होता असें नाहीं. त्याला सुरमई, घोळ किंवा रावस हवा असे. करवत मासा आपसुख हातीं येई. त्यावर पंखांचा व करवतींचा व्यापार वाढला. करवत दिवाणखान्यांत शोभेसाठीं, पर परदेशांत सारासाठीं. २००१ मध्यें आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत करवत माशांचा समावेश झाला. २००७ मध्यें आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आणि २०१३ पासून पांचहि जातींस ती सारख्याच कडकपणें लागू आहे. परंतु जाळ्याला कायदा वाचतां येत नाहीं.

आतां बांधावरच्या पाखराकडे या. रुईवर वाढणाऱ्या त्या केशरी फुलपाखराला इंग्रजींत प्लेन टायगर म्हणतात. मादी रुईच्या पानाखालीं एकेक अंडें सुटें सुटें घालते. अळी जन्मभर रुईच्या कुळांतील झाडांखेरीज दुसरें कांहीं खात नाहीं. रुईचा चीक विषारी आहे हें आपण जाणतोंच. परंतु तें विष ही अळी पचविते व आपल्या अंगांत सांठवून ठेवते. पुढें पाखरूं झाल्यावरहि तें विष अंगांत राहतें. एखाद्या पक्ष्यानें एकदां त्याची चव घेतली कीं तो पुन्हां त्याच्या वाटेला जात नाहीं. म्हणूनच तें इतकें संथपणें, राजासारखें उडतें. त्याला पळण्याचें कारणच नाहीं.

या बांधावर आणखी एक मौज दृष्टीस पडते. डॅनेड एगफ्लाय नांवाचें एक दुसरेंच फुलपाखरूं आहे. त्याचा नर काळा, अंगावर पांढरे ठिपके व त्यांना निळ्या-जांभळ्या झळाळीच्या कडा. मादी मात्र हुबेहूब या केशरी पाखरासारखी! तिच्या अंगांत विष नसतें. परंतु विषारी पाखराचा वेष घेतल्यामुळें पक्षी तिलाहि टाळतात. हेन्री बेट्स या शास्त्रज्ञानें अशा सोंगाचें मर्म १८६२ सालीं प्रथम उलगडून दाखविलें. या पाखराची अळी घोळीच्या पाल्यावर वाढते. घोळीची भाजी आपल्या घरोघर ठाऊक आहे. २०२२ च्या दुरुस्तीपूर्वीं हें पाखरूं आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत होतें; म्हणजे कागदावर त्याचा मान वाघाच्या बरोबरीचा होता. त्याला मारणें हा गुन्हा. परंतु त्याचें जेवण उपटण्याला, त्यावर औषध फवारण्याला, किंवा तें ज्या बांधावर उगवतें तो बांध भरावाखालीं गाडण्याला त्या पाखराच्या नांवानें कोणी आडकाठी केल्याचें ऐकिवांत नाहीं.

जासईच्या बांधावर वही घेऊन पाखरें मोजीत कोणी पन्नास वर्षें बसलें नाहीं. परंतु या केशरी पाखराचा एक सख्खा भाऊबंद अमेरिकेंत आहे, आणि त्याची मोजदाद फार काळजीपूर्वक झाली आहे. त्याचें नांव मोनार्क. वंश एकच, रंग तोच, अळीचें अन्नहि रुईच्याच कुळांतलें. हीं पाखरें हिवाळ्यांत हजारों किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरावरील देवदारासारख्या वृक्षांवर मुक्कामास येतात. तेथें तीं इतकीं दाट बसतात कीं एकेक मोजणें अशक्य. म्हणून त्यांनीं व्यापिलेलें रान हेक्टरांनीं मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यांत तें रान १८ हेक्टर भरलें. २०१३-१४ मध्यें तें एका हेक्टराहूनहि कमी, म्हणजे ०.६७ हेक्टर झालें. २०२४-२५ मध्यें तें १.७९ हेक्टर होतें. एवढी घट कां झाली? कोणी जाळ्यांनीं हीं पाखरें धरलीं नाहींत. शेतांत तणनाशकें आलीं, त्यांना दाद न देणारीं पिकें आलीं, आणि पिकांच्या ओळींमधून उगवणारी रुईच्या कुळांतील रानटी झुडपें नाहींशीं झालीं. मेक्सिकोंतील वृक्षतोड व बदललेलें हवामान यांनीं उरलेली भर घातली. अमेरिकेच्या बहुतेक भागांतील सर्वच फुलपाखरांची एकूण संख्या २००० ते २०२० या वीस वर्षांत शेंकडा २२ नीं कमी झाली, असें २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या गणनेनें दाखविलें आहे. इकडे मुशी व पाकट यांच्या साऱ्या गोताचा हिशेब २०२१ मध्यें मांडला गेला, तेव्हां एकतृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत असें निष्पन्न झालें.

आतां दोघांना शेजारीं ठेवून पाहूं.

हिशेब सोपा आहे. कोणत्याहि जातीची संख्या कायम राहावयाची असेल, तर प्रत्येक मादीमागें सरासरीनें दोन अपत्यें वाढून वयांत आलीं पाहिजेत. एक आईच्या जागीं, एक बापाच्या. मोनार्कची मादी तीन-चारशें अंडीं घालते. त्यांपैकीं दोन जगलीं कीं झालें. बाकीचीं मुंग्या, कोळी, पाऊस यांच्या वांट्याला जावयाचींच. निसर्गानें तो तोटा आधींच धरलेला आहे. करवत माशाचें तसें नाहीं. त्याची मादी आठ-दहा वर्षें वाट पाहते, मग एका खेपेस सात-आठ पिलें देते, आणि पुढें कित्येक वर्षें जगून हाच क्रम चालविते. तिची सारी मदार दीर्घायुष्यावर आहे. म्हणजे व्यापारी भाषेंत बोलावयाचें तर फुलपाखरूं हा रोजंदारीवर जगणारा मजूर आहे. आज काम मिळालें तर आज चूल पेटते. करवत मासा हा व्याजावर जगणारा जुना घरंदाज आहे. त्याच्या मुद्दलाला हात लावला कीं घर बुडालें.

यावरून दोघांचें मर्मस्थान निरनिराळें आहे हें ध्यानीं येईल. एखाद्या हौशी मुलानें पांच-दहा पाखरें धरलीं, तर त्या जातीचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु रुईचें रान नाहींसें झालें, तर एकहि पाखरूं कोणी न मारतां तीं सर्व जातात. उलट, खाडी जशीच्या तशी ठेवली, पण वयांत आलेल्या माद्या वर्षाकाठीं थोड्या थोड्या जाळ्यांत मरत राहिल्या, तर करवत मासा जातो. एकाला अन्न तोडून आपण मारतों; दुसऱ्याला आयुष्य तोडून.

तसाच त्यांच्या परत येण्यांतहि भेद आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा काढणारे मोनार्क २०२० च्या मोजणींत अवघे १,९१४ भरले. लोकांनीं आशा सोडली. पुढच्याच वर्षीं ते सुमारें २ लाख ४७ हजार झाले! आणि २०२४ मध्यें पुन्हां ९,११९ वर आले. रोजंदारीवाल्याच्या घरीं एखादी सुगी चांगली जाते, एखादी वाईट. चढउतार मोठा, पण अन्न असेल तर उभारीहि तितकीच मोठी. आतां करवत माशाचें पाहा. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर लहान दांतांचा करवत मासा अजून आहे. तेथें १९९५ पासून किनाऱ्यालगतच्या मोठ्या जाळ्यांवर बंदी आहे, आणि २००३ पासून त्या माशाला कायद्याचें पूर्ण संरक्षण आहे. इतक्या वर्षांच्या संयमानंतर कोठें तो सांवरूं लागल्याचीं चिन्हें दिसत होतीं. तोंच २०२४ मध्यें तेथील उथळ पाण्यांत मासे गरगर फिरूं लागण्याचा एक चमत्कारिक आजार आला आणि पन्नासाहून अधिक करवत मासे मेलेले आढळले. पाखरांच्या दुनियेंत पन्नास म्हणजे कांहींच नव्हे. करवत माशाच्या घरांत पन्नास मृत्यु म्हणजे एका पिढीची कमाई गेली.

येथें कोणी विचारील, हा भेद जाणून काय करावयाचें? दोघांनाहि वांचवावें, म्हणजे झालें! यावर मी इंग्लंडांतील एक गोष्ट सांगतों. तेथें मोठें निळें नांवाचें एक फुलपाखरूं होतें. तें कमी होऊं लागलें तेव्हां लोकांनीं दोष दिला तो संग्राहकांस. मग त्याच्या कुरणांना कुंपणें घातलीं, माणसें व गुरें बाहेर काढलीं. म्हणजे करवत माशाला साजेल तें औषध पाखराला दिलें. परिणाम उलटा झाला. गुरें चरेनाशीं झालीं, गवत वाढलें, जमीन थंड झाली, आणि ज्या तांबड्या मुंग्यांच्या वारुळांत त्या पाखराची अळी वाढत असे त्या मुंग्या नाहींशा झाल्या. १९७९ मध्यें तें पाखरूं इंग्लंडांतून नष्ट झालें. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानें मुंग्यांचें हें रहस्य शोधून काढलें होतें; परंतु तोंवर फार उशीर झाला होता. पुढें गवत पुन्हां गुरांकडून आंखूड ठेवलें, स्वीडनहून तीच जात आणली, आणि १९८३ पासून तें पाखरूं इंग्लंडांत पुन्हां नांदूं लागलें. प्रेम पुष्कळ होतें, ज्ञान नव्हतें. ज्ञान आल्यावर पाखरूं परत आलें.

आपल्याकडेहि योग्य औषधाचीं कांहीं उदाहरणें आहेत, आणि तीं सांगणें माझें कर्तव्य आहे. २०१२ मध्यें महाराष्ट्र सरकारनें तिवरांच्या रक्षणासाठीं स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, आणि तिवरांची तोड थांबविणारा मुंबई उच्च न्यायालयाचा सविस्तर निर्णय २०१८ मध्यें झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस एक फार शहाणपणाची योजना निघाली. जाळ्यांत संरक्षित प्राणी सांपडला आणि कोळ्यानें जाळें कापून त्याला जिवंत सोडलें, तर जाळ्याच्या नुकसानीबद्दल त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावयाची. या योजनेचें मर्म पाहा. गरीब माणसाला दंडाची भीति घातली तर तो मेलेला मासा गुपचुप पाण्यांत लोटील; पण त्याच्या फाटलेल्या जाळ्याची किंमत कोणी मोजणार असेल, तर तोच समुद्राचा राखणदार होतो. व्याजावर जगणाऱ्या घराचें मुद्दल वांचविण्याचा हा खरा मार्ग आहे.

परंतु मुद्दल वांचवून पिलांनीं जावें कोठें? त्यांना खाडीचें मुख हवें, तिवरांची सांवली हवी. आणि येथें, श्रोतेहो, आपल्या दोन्ही कुळांच्या वाटा शेवटीं एकत्र येतात. मर्मस्थानें निराळीं असलीं तरी दोघांचा पाळणा एकाच पट्ट्यांत हालत होता. बांधाच्या अलीकडे रुई व घोळ. बांधाच्या पलीकडे तिवरें व खाडी. या पट्ट्याला नकाशांत पडीक म्हणतात, दलदल म्हणतात, आणि नांव पडीक पडलें कीं त्यावर भराव घालण्यास कोणाचेंच मन कचरत नाहीं. शहर नको, बंदर नको, पूल नको, असें मी म्हणत नाहीं. जासईच्या त्या नातवाला पुलावरून अर्ध्या तासांत मुंबईच्या शाळेंत जातां आलें तर मला आनंदच आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं भराव घालण्यापूर्वीं या जागेवर कोणकोणाचा संसार आहे, हें एकदां नीट लिहून काढावें. ज्यांची नोंद आहे त्यांना निदान मोबदला मागतां येतो. ज्यांची नोंदच नाहीं, ते गेल्याचेंहि कोणाला कळत नाहीं.

तुम्ही म्हणाल, शहरांतील बिऱ्हाडांत राहणाऱ्या आम्ही काय करावें? फार थोडें, पण तें नेमकें. कोणी समुद्रकांठीं करवत माशाची करवत विकावयास आणली, तर ती घेऊं नका. तो व्यापार गुन्हा आहे, आणि गिऱ्हाईक नसेल तर व्यापारी नाहीं. आपल्या सोसायटीच्या आवारांत कुंपणालगत एखादें रुईचें झुडूप आपोआप उगवलें, तर माळ्याला तें ‘रान’ म्हणून उपटावयास सांगूं नका. मुलांना त्याच्या चिकाला हात न लावण्याची ताकीद मात्र द्या. कुंडींतल्या घोळीवर अळी दिसली, तर फवारणीची घाई करूं नका. भाजी दुसऱ्या कुंडींत लावतां येते. आणि मुलांना दर भाद्रपद-आश्विनांत एकाच जागीं, एकाच वेळीं, दिसलेलीं पाखरें वहींत मांडावयास सांगा. पन्नास वर्षांनीं ती वही हाच एक पुरावा असेल. बाजारांत मासे घेतांना लहान पाकट दिसला, तर कोळणीला विचारा कीं हा कोणत्या खाडींतला. दोन पिढ्यांपूर्वीं मोठे किती येत असत, हें ती तुम्हांला पुस्तकापेक्षां अधिक नीट सांगेल.

माझी वेळ संपत आली. जासईहून निघतांना त्या मुलानें मला एक शेवटचा प्रश्न केला. भिंतीवरील करवतीकडे बोट करून तो म्हणाला, “काका, हा मासा आतां समुद्रांत आहे कां?” मीं सांगितलें कीं आहे, फार थोडा आहे, अधूनमधून कोठें कोठें दिसतो. तो म्हणाला, “मग माझ्या नातवालाहि मी हीच करवत दाखवायची कां?”

श्रोतेहो, याला मजजवळ उत्तर नव्हतें. रुईवरची ती अळी दोन-तीन आठवड्यांत पाखरूं होऊन उडून गेली असेल. पुढच्या पावसाळ्यांत बांध शिल्लक असला तर तिची नात-पणत तेथें पुन्हां दिसेल. करवत माशाच्या बाबतींत मात्र त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास पन्नास वर्षें लागतील, आणि तें उत्तर काय असावें हें आजच ठरावयाचें आहे. एकाला आजचें जेवण द्या. दुसऱ्याला उद्यांचें आयुष्य द्या. दोन्हीहि आपल्या हातांत आहेत. फक्त कोणाला काय द्यावयाचें, याचा घोंटाळा होऊं देऊं नका.